सासूबाई केंद्राध्यक्ष, जावई शाईवर

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं हजर आहेत. कंबर आणि डावा खांदा निवडणुकीच्या कामावरून परतल्यापासून रजेवर गेलेत, तेवढं सांभाळून घ्या.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? मुलांना आशीर्वाद. इकडे तुमची बहीण खुशाल आहे, म्हणजे माझ्यावर नेहमीइतकीच चिडते आहे, तेव्हा काळजी नसावी.

तुमचं पत्र पोचलं. पुढच्या महिन्यात आई (तुमच्या आई, माझ्या सासूबाई) मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठणार, आणि त्यानंतर त्यांनी राहायचं कुणाकडे, हे आपण दोघं वर्षभर एकमेकांना फार प्रेमाने विचारतो आहोत. तुमच्याकडे तिसरा मजला आणि अरुंद जिना. माझ्याकडे दोनच खोल्या आणि भिंतीपलीकडे सुताराचं दुकान. दोघांनीही आपापल्या घराची एवढी नालस्ती केली आहे की एखाद्या दलालाच्या हाती ही पत्रं लागली तर तो दोन्ही घरं फुकटात मागेल. या खेपेला तुम्ही स्पष्टच लिहिलंत, की आता जावयाने काय ते एकदाचं सांगावं. सांगतो. पण आधी निवडणुकीच्या दिवशी काय झालं ते ऐकून घ्या, कारण माझं उत्तर त्या दिवशी बदललं.

नेमणुका संगणकाने केल्या. संगणकाला नातीगोती कळत नाहीत, म्हणून त्याने एका शाळेतल्या केंद्रावर आईंना केंद्राध्यक्ष केलं आणि त्यांच्या हाताखाली मतदान अधिकारी क्रमांक दोन म्हणून मला, म्हणजे दुकानदारांचे वजनकाटे तपासणाऱ्या माणसाला, नेऊन बसवलं. प्रशिक्षणाच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर डोळे मिटून लक्ष देत होतो. आई अर्थातच पहिल्या बाकावर. त्या उभ्या राहिल्या आणि भर वर्गात त्यांनी विचारलं, की माझ्या केंद्रावर माझे जावई आहेत, हे नियमात बसतं का? साहेबांनी पुस्तक चाळलं, परत चाळलं, आणि उमेदवाराचे नातेवाईक चालत नाहीत, सासूविषयी मात्र काही लिहिलेलं नाही, असा निकाल दिला. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. (डोळे तोवर उघडले होते.)

आता, मी आईंच्या घरी गेलो की त्या काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. खुर्ची पुढे करतात, पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवतात, ‘जावईबापू’शिवाय हाक नाही. त्याच भरवशावर मी केंद्रात पाऊल टाकल्याबरोबर खुर्ची ओढली. तर आईंचा आवाज आला, “क्रमांक दोन, आधी पेट्या आत घ्या!” कंबर गेली ती तिथेच. पुढे दिवसभर मला दुसरं नाव नव्हतं. उजाडता उजाडता त्यांनी उमेदवारांच्या प्रतिनिधींना यंत्राभोवती गोळा केलं, त्यांच्याकडून खोटी खोटी मतं टाकून घेतली, ती मोजली, पुसली आणि यंत्र कोरं झाल्याचं एकेकाला जवळ बोलावून दाखवलं. त्यातला एक जांभई देत म्हणाला, की मॅडम, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. “विश्वास राहू दे, तुम्ही बघा,” आई म्हणाल्या. त्याची जांभई अर्ध्यातच मिटली. मग यंत्राला सील लागलं, सह्या झाल्या आणि शाईची बाटली माझ्या ताब्यात आली.

शाई लावण्यात काय कौशल्य लागतं असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पहिल्याच मतदाराच्या बोटावर मी एक नाजूक ठिपका दिला आणि बरा जमला म्हणून जरा मान तिरकी करून पाहिला. मागून आवाज आला, “ठिपका नको, रेघ. नखावरून खाली कातडीवर.” मी रेघ काढली. ती वाकडी गेली. दुसरी रेघ, काडी बाटलीत जास्त बुडाल्याने, पुढच्या गृहस्थांच्या मनगटापर्यंत गेली, आणि ते लग्नाला निघाले होते. तिसऱ्या रेघेला आईंनी नुसतं ‘हं’ केलं. दादा, माझ्या खात्यात मला दोनदा बढती मिळाली आहे, पण त्या ‘हं’ची सर कशालाच नाही.

तेवढ्यात चहा आला. कोपऱ्यावरचा भांडीवाला एका उमेदवाराचा खंदा कार्यकर्ता. त्याने मोठ्या मनाने वाफाळता चहा आणि खाण्याची पाकिटं पाठवली. मी शाईचा हात पुसून दुसरा पुढे केलाच होता. आईंनी ट्रे तसाच्या तसा माघारी धाडला, वर त्याला निरोप, की आभारी आहोत, आमचा डबा आहे. डबा होता, पण तो दुपारी, आळीपाळीने, आणि कामगिरीच्या क्रमाने माझा नंबर शेवटचा. पाकिटांचा वास खोलीत बराच वेळ मागे राहिला होता. कुणाचं काहीही घ्यायचं नाही, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे. रिकाम्या पोटी ती ओळ फार लांब होते.

खरी गोष्ट झाली दुपारी. भांडीवाला आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. म्हातारीला धरून त्याने रांगेच्या पुढे आणलं (तेवढी मुभा असते), शाई लावून घेतली आणि तिच्याबरोबर पुठ्ठ्याच्या आडोशाकडे निघाला. आई आडव्या आल्या. तो हसत म्हणाला, “अहो मॅडम, तिला काही कळत नाही. दरवेळी मीच दाबतो.” खोटं सांगत नाही, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलगा आहे, आईचं भलंच बघत असणार, शिवाय रांग तुंबली होती. आईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हातारीसमोर वाकल्या आणि म्हणाल्या, “आजी, तुम्हाला दिसतं का? बटण दाबता येईल का?”

म्हातारी म्हणाली, “दिसतं की. दाबता पण येईल. पण विचारतंय कोण?”

झालं. ज्याला दिसत नाही किंवा स्वतःला जमत नाही, त्यालाच सोबत नेता येतं, आणि तेही त्याने मागितली तर, असं आईंनी भांडीवाल्याला शांतपणे सांगितलं. तो तापला. वरपर्यंत ओळख आहे, बदली करीन, तुमच्या निवृत्तीला किती दिवस उरलेत ते पाहून घेतो, सगळं बोलून झालं. त्याच्या उमेदवाराचा प्रतिनिधीही उठून उभा राहिला. मी बाटलीचं झाकण लावून घेतलं, कारण प्रसंग मारामारीचा असेल तर शाई सांडायला नको. आईंचा आवाज मात्र तसूभर चढला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की तुम्ही दाराबाहेर गेलात की मतदान सुरू होईल. आणि दादा, तो गेला! म्हातारी एकटी आडोशामागे गेली. बराच वेळ काहीच ऐकू येईना. रांग कुरकुरू लागली, मी “आजी, जरा लवकर” म्हणायला तोंड उघडलं आणि आईंच्या नजरेने ते परत मिटलं. शेवटी यंत्र वाजलं. म्हातारी बाहेर आली ती शाईचं बोट वर धरून, जसं काही ते आत्ताच तिला नवीन फुटलं होतं. मुलाने दारातूनच कुठलं दाबलंस म्हणून विचारलं. “तुला काय करायचंय?” म्हणाली आणि चालू लागली. पुढच्या मतदाराची रेघ मी तिच्या पाठीकडे बघतच काढली. (वाकडी गेली.)

संध्याकाळी माझी एक मोठी चूक झाली, तीही सांगून टाकतो. वेळ संपताना जे रांगेत असतील त्या सगळ्यांना चिठ्ठ्या द्यायच्या असतात, आणि त्या द्यायच्या शेपटाकडून. मी तोंडाकडून सुरुवात केली. मी इकडे वाटतोय आणि तिकडे शेपूट वाढतंय. चिठ्ठ्या संपत आल्या तरी रांग काही संपेना. आरडाओरडा सुरू झाला, कोण आधीचा आणि कोण नंतरचा यावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावले. आई बाहेर आल्या. फाटक बंद करून घेतलं आणि सरळ जाऊन रांगेच्या अगदी शेवटी स्वतः उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांच्या मागे कुणाला लागताच येईना. मग रांगेतल्यांनाच विचारत विचारत, कोणामागे कोण होतं, त्यांनी सगळा गुंता सोडवला. कुणीतरी ओरडलं, की हा घोळ कुणी घातला? मी जमिनीकडे पाहत होतो. आई म्हणाल्या, “केंद्राध्यक्ष मी आहे. चूक माझी.” लोक पुन्हा रांगेला लागले. मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण कंबर आडवी आली आणि हातात बाटली होती.

यंत्रं जमा करून परतताना बसमध्ये एकच खिडकीची जागा होती. आई म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही बसा तिकडे, दमलात.” मी नाही म्हणालो आणि त्यांना बसवलं. इतक्या वर्षांत त्यांचं मी न ऐकलेलं हे पहिलंच.

तर दादा, माझं उत्तर असं. दोन खोल्या पुरेशा आहेत. सुतार चांगला माणूस आहे आणि दुपारी झोपतो. आईंनी आमच्याकडे यावं. अशी बाई आपल्या घरात सकाळी चष्मा पुसत बसलेली दिसावी, याहून मोठं भाग्य मला सुचत नाही, आणि ते मी तुमच्याशी वाटून घ्यायलासुद्धा तयार नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा नम्र,
बहिणीचा नवरा (आणि मतदान अधिकारी क्रमांक दोन)

ता. क. खरं काम असं की तुम्ही थोरले, शिवाय त्यांचे चिरंजीव, तुमचा शब्द पुढे. तुम्ही आईंना जिन्याबद्दल आणखी थोडं लिहा. एखादी पायरी तुटल्याचं कळवलंत तरी चालेल. आमच्या सुताराचा उल्लेख कृपया टाळावा.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी तुमच्या बहिणीने वाचलं. आवडलं. मग म्हणाली, “आईला विचारलंत?” मी पाकीट शोधायला लागलो. ते माझ्या हातातच होतं.

ता. क. तिसरा. आज जाऊन विचारून आलो. आई कपाटातली शाळेची पुस्तकं काढून जागा करत होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उमेदवार कोण कोण आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, दादा आणि मी. आणखी? आणखी कुणी नाही. तर म्हणाल्या, “असतं हो. सगळ्यात खाली शेवटचं बटण.” यांपैकी कोणीही नाही!

दादा, आपण दोघेही पडलो. घर त्यांचं आहे, त्या तिथेच राहणार, आणि कपाटात जागा झाली ती त्या चित्रकला शिकणार आहेत म्हणून. येत्या रविवारी दोन्ही घरांना जेवायला बोलावलं आहे. मी तुमच्या वतीनेही हो म्हणणार होतो, पण तोंड उघडून मिटलं, आणि विचारून कळवतो असं सांगून आलो आहे. तर कळवा. येताय ना?