किल्ली आउटपुटमध्ये धरत नाहीत

तीर्थस्वरूप साडूभाऊंच्या चरणी, वाकता येईल तेवढं वाकून (कंबर हल्ली निम्म्यावरच थांबते) नमस्कार.

इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत, तेव्हा ठीक म्हणायचं. तुमचा गुडघा काय म्हणतो? मोठ्या ताईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजून तुमच्या तोंडाकडे बघूनच त्या आपला दाब ठरवतात? ताईंना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र मात्र वाचायला देऊ नका. कारण विषय त्यांच्या लाडक्या भावाचा आहे. दोन बहिणींशी लग्नं केल्यामुळे तुमच्या-माझ्या वाट्याला मेहुणा एकच आला आणि तो गेले काही महिने संपूर्णपणे माझ्या वाट्याला आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बंधुराज आमच्या बाहेरच्या खोलीत राहतात, माझ्या खुर्चीत बसतात आणि माझ्याच कारखान्यात माझे साहेब आहेत.

हे झालं कसं, तर बंधुराजांनी कुठलासा शिक्षणक्रम पुरा केला. त्यात काय शिकवलं ते देव जाणे, पण परत येताना ते एक शब्द घेऊन आले. आउटपुट. आमच्या कुलपांच्या कारखान्याचे मालक तसे शहाणे (म्हणजे मला वाटायचे), पण बंधुराजांनी पहिल्याच भेटीत तो शब्द त्यांच्यासमोर इतक्या वेळा उच्चारला, की मालकांना आपण आजवर त्याच्यावाचून कुलपं कशी विकली याची लाजच वाटली. दुसऱ्या दिवशी बंधुराज उत्पादन अधिकारी झाले.

तेव्हापासून घरात दुसरं काही ऐकू येत नाही. पोळ्या कमी पडल्या की ‘ताई, आउटपुट घसरलंय.’ माझी मुलगी अभ्यास करताना खिडकीबाहेर बघत बसली की ‘हिचं आउटपुट काय?’ मी सुट्टीच्या दिवशी दुपारी लवंडलो तर हा माझ्या उशाशी उभा राहून मान हलवतो! साडूभाऊ, आपल्या भाषेत शेतातून येतं ते पीक, झाडाला धरतं ते फळ, गाय देते ते दूध, कोंबडी घालते ते अंडं, कारखान्यातून निघतो तो माल, आणि माझ्यासारखा माणूस दिवसभर राबून घरी आणतो तो शीण. ज्याला त्याला त्याचा शब्द आहे. या गृहस्थाने सगळ्यांची नावं पुसून एकच ठप्पा मारला. मी मुलीचा शब्दकोश उघडून पाहिला. उत्पादन, निष्पत्ती, फलित असं काय काय दिलं होतं. आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्याला विचारलं, तर त्याने कर्ण्याच्या यंत्राची मागची बाजू फिरवून एक भोक दाखवलं आणि म्हणाला, ‘हे आउटपुट.’ मला ते फार पटलं. बंधुराजांचं सगळं ज्ञान त्याच जागी असावं.

आता कारखान्याचं ऐका. बंधुराजांनी आठवडाभर हात मागे बांधून फेऱ्या मारल्या आणि निष्कर्ष काढला की आमचा कारखाना कुलपांचा आहे. (याला शिक्षण लागलं.) म्हणजे कुलूप हे आउटपुट. मग किल्ली काय? किल्ली आउटपुटमध्ये धरत नाहीत, ती कुलपाबरोबर फुकट जाते. तेव्हा किल्ली विभागात बसलेली माणसं काहीच उत्पादन करत नाहीत. त्या विभागाचा प्रमुख कोण, हे तुम्हाला सांगायला नको. उभ्या आयुष्यात मी कानस घासून घासून बोटांच्या रेषा घालवल्या, त्या आउटपुटविना! मी मालकांकडे गेलो. म्हटलं, किल्लीशिवाय कुलूप कोण घेईल? मालक छताकडे बघत म्हणाले, ‘किल्ल्या मागाहून करू. आधी आकडा येऊ दे.’ आणि माझा सगळा विभाग उचलून कुलपांच्या बाकांवर बसवला.

आकडा आला. भरभरून आला. कुलपं ठेवायला जागा पुरेना, मग ती माझ्या रिकाम्या विभागात रचली. हाताळताना दाबली जाऊन ती एकेक करून खटाखट मिटत होती. बंधुराजांना तो आवाज संगीतासारखा वाटायचा. त्यांची नजर मग माणसांच्या येण्याजाण्याकडे वळली. माणूस पाणी पितो, पाणी प्यालं की संडासाला जातो, आणि दोन्हींत आउटपुट बुडतं. म्हणून त्यांनी पाण्याच्या खोलीला आणि संडासाला ठरावीक वेळ लावून दिली आणि बाकीच्या वेळी दाराला कुलूप. स्वतः आदर्श घालून द्यायचा म्हणून हा मनुष्य दिवसभर घोटभर पाणी पीत नसे. ओठ कोरडे पडायचे, तरी जिभेवर शब्द तोच.

आणि एका सकाळी, जे व्हायचं ते झालं. बंधुराज कारखान्यातल्या आपल्या खोलीतून पोट धरून वाकत वाकत बाहेर आले आणि थेट संडासाकडे गेले. दाराचं जुनं कुलूप काढून त्याच सकाळी तिथे आमचंच नवं कोरं कुलूप लावलं होतं. हेही नव्या मालातलं, म्हणजे त्याला किल्ली जन्मालाच आली नव्हती. कोणीतरी ओरडलं, किल्लीवाल्याला बोलवा. मी गेलो. खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगवूनच गेलो. म्हटलं, आता कळेल किल्ली म्हणजे काय ते. कानस काढली, घासायला बसलो. घासली, लावली, फिरेना. पुन्हा घासली, ती मोडली. दुसरी घेतली. बंधुराज भिंतीला टेकून घामाने निथळत म्हणाले, ‘भाऊजी, लवकर करा हो!’ मी म्हटलं, ‘चांगल्या कामाला वेळ लागतो.’ तेवढ्यात आमचा पहारेकरी पुढे आला आणि त्याने एक लाथ घातली. कुलूप शाबूत राहिलं, दार चौकटीसकट आत पडलं. पण त्याचाही उपयोग नव्हता. आत जाऊन बंधुराज तसेच बाहेर आले आणि माझ्या अंगावर कोसळले. मुतखडा अडकला होता.

दवाखान्यात नेईपर्यंत माझा हात त्याने इतका घट्ट धरला होता, की माझी बोटं निळी पडली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. एरवी माझ्यावर ओरडणारा तो आवाज लहान मुलासारखा ‘भाऊजी, भाऊजी’ करत होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं. ही दाराशी बसून रडत होती.

औषधं लागू पडली आणि जीव भांड्यात पडला. तेव्हा खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर माझी नजर गेली. त्यावर तोच शब्द! तेवढ्यात धिप्पाड परिचारिका आली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं तिने विचारलं, ‘काय हो, सकाळपासून आउटपुट किती?’

बंधुराज गुंगीत होते. डोळे न उघडता म्हणाले, ‘दीडशे डझन.’

‘डझन?’ बाई म्हणाली. ‘अहो, मी लघवीचं विचारतेय!’

नेमके त्याच वेळी मालक भेटायला आले. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाली, ‘तुम्ही यांचे कोण? आउटपुट फारच कमी आहे यांचं. असं चालायचं नाही.’ मालक पांढरेफटक पडले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘हिला कुणी सांगितलं?’ कारण किल्ल्यांविना धाडलेला सगळा माल त्याच दिवशी व्यापाऱ्याने परत पाठवला होता, मिटलेला, जसाच्या तसा, दोन ट्रक भरून. मी विचारलं, बाहेर गेलेलं आत आलं तर त्याला आता काय म्हणायचं? मालक तडक कारखान्याकडे निघाले. किल्ली विभाग दुसऱ्याच दिवशी उघडला, आणि माझी माणसं आता खोकेच्या खोके घेऊन किल्ल्या घासत बसली आहेत. संडासाला दार अजून नाही, तिथे पोतं लावलंय.

असो. ताईंच्या यंत्राचं कळवा. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा साडू

ता. क. : डॉक्टरांनी बंधुराजांना महिनाभर पूर्ण विश्रांती सांगितली आहे, तीही कारखान्यापासून लांब. तुमच्याकडे हवा चांगली आहे आणि बाहेरची खोली रिकामी आहे, असं ही म्हणते.

आणखी एक : हे पत्र टपालाने नाही, त्याच्याच हाती पाठवतोय. म्हणजे तुम्ही वाचत असाल तेव्हा तो समोरच बसलेला असेल. लगेच मान वर करू नका. तो गेल्यावर घर खायला उठेल, असं ही आत्ताच म्हणतेय. मी असं काही म्हणत नाही.

शेवटचं : पाकीट दोनदा खळ लावून चिकटवलंय. तरीही बंधुराज, तू ते गाडीत उघडून इथवर वाचलंच असशील, तर आता बाटली काढ आणि पाणी पी.