पाचव्या पायरीवरचे नऊ थर

४ मार्च
प्रबंधाचा विषय सरांनी मान्य केला. आपल्याकडे सगळा काळा खडक, चुनखडक नाहीच, तरी शेतात पांढरे खडे येतात कुठून? उत्तर मला पाठ आहे. पावसाचं पाणी मुरताना काळ्या दगडातला चुना विरघळवून घेतं, खाली नेतं, पुढे कुठेतरी सोडतं. सर म्हणाले, "हे झालं पुस्तकातलं. चुना आत्ता साचतोय अशी जागा दाखव."
अशी एक जागा मला माहीत आहे. 

५ मार्च
जुनी विहीर. विंचूरकडच्या आमच्या मळ्यातली. अकरा वर्षं तिचं पाणी कुणी उपसलेलं नाही. ताई त्यात गेली तेव्हा मी बारा वर्षांची, ती अठराची.
आई म्हणते, पाय घसरला. गाव म्हणतं, साती आसरांनी नेली. पाण्यातल्या त्या बायांना पोरी लागतात म्हणे. तिसरं कुणी बोलत नाही. आदल्याच आठवड्यात आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिला कॉलेजला नाही म्हटलं होतं. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. माझ्या वेळी नाही म्हणायची कुणाची हिंमतच झाली नाही.
घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून माझा फोटो भिंतीवर आहे. ताईच्या शेजारी.

८ मार्च
रविवार, घरी. आईला म्हटलं, सरांना विहिरीतला दगड हवाय.
"दगडं घासून हात बघ कसे झाले. गवंड्याला द्यायची का तुला?"
मग कोणती विहीर ते सांगितलं. तिने भाकरी उलटलीच नाही. करपली.
आण्णा पायात चपला घालून बाहेर गेले.

१५ मार्च
उतरले.
काठावर आसरांचा शेंदूर फासलेला दगड. तिथे चपला काढल्या. आमच्याकडे चपलेनिशी विहिरीत कुणी उतरत नाही, लहान पोरसुद्धा. पाचव्या पायरीच्या वर भिंतीला चीर आहे, तिथून थेंब पडतो. दोन थेंबांमध्ये माझे चार श्वास. पाणी उघड्यावर आलं की त्यातला वायू उडतो, सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यासारखा. मग चुना पाण्यात राहू शकत नाही. बसतो. सगळी पायरी पांढरी, साय धरल्यासारखी.
सायीखाली दोन उंचवटे. शेजारी शेजारी. टाचा भिंतीकडे, पुढची टोकं पाण्याकडे.
उजवीच्या पट्ट्यावर फुलाचा आकार अजून कळतो. ताईच्या चपलेवर प्लास्टिकचं फूल होतं.
ॲसिडची बाटली खिशात होती. थेंब टाकला की चुना फसफसतो, तीच त्याची खूण. टाकला नाही.

१६ मार्च
नीट लावलेल्या. घसरणारं माणूस चपला जुळवून ठेवतं का? आणि काढायच्या तर वर, दगडापाशी. खाली पाचव्या पायरीवर, पाण्याकडे तोंड करून, म्हणजे

१९ मार्च
कॉलेजला गेले नाही. होस्टेलच्या बादलीला पांढरं कडं धरलंय. नेहमी लिंबाने घासते. हात लावला नाही.
आईचा फोन. "जेवली का?" जेवले म्हटलं.

२२ मार्च
परत गेले. उजव्या चपलेच्या टाचेवरून अंगठ्याएवढी कपची काढली, शेजारच्या रिकाम्या जागेवरून दुसरी. छिन्नीचा आवाज विहिरीत दोनदा ऐकू येतो. दुसऱ्यांदा जास्त जवळून.

२५ मार्च
लॅब. कपची काचेवर पॉलिश पेपरने घासली, भिंगाखाली धरली. पावसाळ्यात झिरपणाऱ्या पाण्याबरोबर माती येते, तिची तपकिरी रेघ. उन्हाळ्यात थेंब सावकाश, स्वच्छ पांढरा थर. दोन्ही मिळून एक वर्ष. तळाला रबराचा निळा डाग, म्हणजे चपलेवर बसलेला सगळ्यात पहिला चुना. तिथून मोजायला लागले.
नऊ.
पुन्हा मोजले. नऊच.
अकरा हवेत. सरांना दाखवलं, कुठली कपची ते न सांगता. ते म्हणाले, "एखाददुसरं वर्ष कोरडं गेलं असेल. पाणी नाही, थर नाही." मी शेजारची कपची दाखवली. तिच्यात एकही वर्ष सुटलेलं नाही, कोरड्या वर्षाचीसुद्धा केसाएवढी रेघ आहे.
"मग ती वस्तू दोन वर्षांनी आलीय तिथे. दुसरं काय?" आणि चहाला गेले.
ताई दोन वर्षांनी आलेली नाही.

२९ मार्च
आण्णा मळ्यात कांद्याची पात कापत बसले होते. समोर जाऊन बसले.
"आण्णा, ताईच्या चपला पायरीवर तुम्ही ठेवल्या?"
विळा थांबला. "कोण म्हणलं?"
"चुन्यावरनं कळलं."
त्यांनी हसल्यासारखं केलं. हसले नाहीत. "दोन वर्स ट्रंकंत व्हत्या. तुझी आई रोज काढून बघायची. जेवायचीच नाय. मंग एक दिस नेऊन ठेवल्या. पाण्यात टाकाया हात व्हईना."
"जोडी तुम्ही लावली?"
"मंग? देवळाभायेर लावतो तशी."
मी कापलेली पात गोळा करून बाजूला सारली.
"त्या दिवशी कुठं होत्या?"
"येक दगडापाशी. येक पाण्यावर तरंगत व्हती."
पुन्हा विळा चालू. मग माझ्याकडे न बघता, "तू लय शिकली. तूच सांग. येक काढली आन् येक नाय काढली, याचा काय अर्थ लावायचा?"

२ एप्रिल
प्रबंधात शेजारची कपची घेतली. दुसरी रुमालात बांधून ठेवलीय. सगळं मांडायचं, काही लपवायचं नाही, असं मीच ज्युनिअर मुलींना सांगत फिरते.
आण्णांना अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलेलंही नाही. फोन मात्र आता ते उचलतात, आधी आईच उचलायची.

५ एप्रिल
आज आण्णा बरोबर आले. काठावर थांबले, खाली उतरले नाहीत. मी कपची काढलेली जागा बघून आले. नुसती ओल आहे, पांढरं अजून नाही.
वर आल्यावर चपला पुन्हा घालून दगडापाशी उभी राहिले. एक चप्पल काढली, दुसरीसाठी पाय उचलला. तोल विहिरीकडे जातो. खरंच जातो. आण्णांनी दंड धरला, इतका घट्ट की अजून दुखतोय.
"सोडा," म्हटलं. पुन्हा केलं, या वेळी हात दगडावर टेकून. तोल जात नाही.
"दगडाला हात लावायची का ती?" आण्णांनी विचारलं.
पाणी भरायला रोज मी तिच्या मागे असायचे. दोन पावलांवर. तिची पाठ आठवते, वेणी आठवते, डोक्यावरची चुंबळ आठवते.
हात आठवत नाही.