सहाव्या मजल्याचा नि

१० जून

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, समन्सच. शिट्टीचा गाता आवाज रेकॉर्ड करून ठेव म्हणून तू कधीची बजावते आहेस आणि मी उद्यावर ढकलतोय, हे मान्य. पण या वेळी खरंच स्टुडिओतली वेळ ठरवली होती. ऐन वेळी शिट्टी, तुझा लाडका भाचा, फुटबॉलच्या मॅचला पळाला. गोलकीपर आजारी पडला होता म्हणे. मी मैदानावर जाऊन हाका मारल्या, तर त्याने गोलातूनच दोन्ही हात जोडले, आणि तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. आता तो माझ्यावरच रुसलाय.

तरी आवाज अगदीच वाया गेलेला नाही. मी ज्या मोठ्या दवाखान्याच्या लिफ्टचं काम बघतो, तिथल्या बोलत्या पेटीला वेड लागलं होतं. दार कुठेही उघडो, आतली बाई 'तळमजला' म्हणायची. एक आजोबा तिच्यावर विश्वास ठेवून बाहेर पडले आणि बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन टॅक्सी कुठे मिळेल म्हणून विचारू लागले. नवी पेटी यायला वेळ लागणार. तोवर कुणाच्या तरी आवाजात मजले भरून टाक, असं तिथले मोठे साहेब म्हणाले. मी स्वतः भरणार होतो, पण माझ्या आवाजात 'तिसरा मजला' ऐकून पेशंट जिन्याने पळतील, असं तुझी वहिनी म्हणाली. मग शिट्टीला धरला. पेटी घरी आणली आणि त्याला न्हाणीघरात उभा केला, कारण तिथे आवाज छान घुमतो.

नुसतं बोलायला सांगितलं होतं, पण पठ्ठ्याने गाऊनच टाकलं! तळमजला सा, पहिला रे, दुसरा ग, असं चढत चढत सहाव्या मजल्याला नि. लिफ्ट उतरताना आपोआप अवरोह होतो. लोक वळून वळून वर बघतात. तू आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलंस, तुला हे आवडेल असं वाटतं.

वहिनीचा नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे, रागाचं मी बघून घेईन.

तुझा,
धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आवडेल? सोन्याच्या तारेवर कपडे वाळत घालणारा माणूस माझ्या सख्ख्या पाठचा निघावा! आणि वर नेऊन 'नि'वरच सोडलंस. वरचा सा काय गच्चीवर ठेवलाय? तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या कानात तो नि लोंबकळतोय. काल भाजीवालीने किती देऊ विचारलं तर मी 'सा' म्हणाले.

चेष्टा पुरे. वर्गात मी पेटी वाजवायला बसायचे आणि पुढच्या रांगेतला एखादा पोरगा वरचा सूर असा लावायचा की मागच्या बाकांवरची खुसखुस थांबायची. त्याला कष्ट म्हणून नसायचे. तो त्याच वेळी खिडकीबाहेरचं मांजर बघत असायचा. मोठ्या गवयांना तिथवर मेहनत करून जावं लागतं, आणि ती मेहनत कितीही लपवली तरी ऐकू येते. या पोरांच्या गळ्यात ती नसतेच, म्हणून तर अंगावर काटा येतो. मग सुट्टी संपून शाळा उघडायची आणि तोच पोरगा हजेरीला असा 'हजर' म्हणायचा की शिपाई आला की काय म्हणून मी मान वर करायचे. सांगून जात नाही तो आवाज. रडूनही परत येत नाही.

तेव्हा त्याला फुटबॉलसकट उचल आणि स्टुडिओत ने. गोल काय, म्हातारपणीही खाता येतात.

वहिनीला आणि शिट्टीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते रेकॉर्डिंग ऐकून ठरवीन.

तुझी,
ताई

२ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (बाबांनी असंच लिहायला सांगितलंय.)

मी बरा आहे. तू बरी असशील. आत्या, एक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, कारण बाबा फक्त तुला घाबरतात. लिफ्टमधला माझा आवाज त्यांना पुसायला सांग. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा पाय मोडला होता. ती प्लास्टर काढायला जाऊन आली आणि सगळ्या वर्गाला गाऊन दाखवलं. आता मी वर्गात शिरलो की मागून कोरस येतो, तळमजलाऽऽ. फळ्याकडे गेलो की पहिला मजलाऽऽ. सर पण हसतात.

दुसरी गोष्ट फक्त तुला सांगतो. माझा आवाज बिघडलाय. घरी फोन आला की लोक मला नेहमी 'ताई' म्हणतात. परवा एकाने 'साहेब' म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी 'बोला' म्हणालो, तर तो लगेच 'सॉरी ताई' म्हणाला. म्हणजे एकाच फोनवर दोन माणसं झालो. मैदानात मात्र फायदा आहे. मी ओरडलो की आमची मुलंसुद्धा दचकतात.

पण आईला कसं सांगू? ती चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून आली की दुसऱ्या दिवसाचा कामाचा कोट इस्त्री करते आणि मी बाजूला बसून गातो, हे मी अगदी लहान असल्यापासून चालू आहे. हल्ली मी घसा बसलाय म्हणतो. मग ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावते. आत्या, मी आतून खारट झालोय.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. माझ्यावर लोभ ठेव आणि बाबांना दम दे.

तुझा,
शिट्टी (हे नाव पण बदलायला हवं, तूच ठेवलंयस)

२० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जे व्हायचं ते झालं. तुझ्या धाकाने मी शिट्टीला स्टुडिओत नेला. तो वाटभर गप्प होता. मला वाटलं, कलाकार आहे, मन एकाग्र करतोय. काचेच्या खोलीत उभा राहिला, त्याने तोंड उघडलं, आणि ताई, गंजलेली बिजागरं मी आयुष्यात पुष्कळ ऐकली आहेत, पण असं बिजागर नाही. कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस खुर्चीसकट मागे गेला. शिट्टीने दुसऱ्यांदा सुरुवात केली तर चक्क तीन आवाज निघाले, त्यातला एक माझ्या सासऱ्यांचा होता. मग त्याने कबूल केलं की पावसाळाभर घशाचं हेच चाललंय. घरी येताना मी त्याला आइस्क्रीम दिलं. आता गारव्याला कशाला भ्यायचं?

तुझ्या वहिनीला सांगितलं. तिने नुसतं 'बरं' म्हटलं आणि इस्त्री करत राहिली. एकच बाही, पुन्हा पुन्हा. ती तशी बोलत नाहीच, तुला ठाऊक आहे. हल्ली दुपारी जेवायला घरी उशिरा येते. दवाखान्यासमोरच्या तिच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी फार असते म्हणे.

आता दुसरी अडचण. दवाखान्यात एक्स-रे विभाग तळघरात हलवलाय. आपल्या पेटीत तळघर भरलेलंच नाही. लोक हात मोडून घेऊन येतात आणि तळमजल्यावर हिंडत बसतात. तेवढ्यात कंपनीची नवी पेटी आली, तिच्यात तळघर आहे. जुनी पेटी पुसून परत करायची असा नियम आहे. मी लिफ्टमध्ये फोन धरून शिट्टीचा आवाज वाचवायचा प्रयत्न केला. घरी येऊन ऐकलं तर पंख्याची घरघर, दाराचा खडखडाट, आणि एक गृहस्थ सहाही मजले आपल्या मुतखड्याबद्दल सांगताहेत. मागे कुठेतरी शिट्टी.

शिट्टी मात्र पुसायचं ऐकून खूश आहे. स्क्रू मीच काढणार म्हणतोय. तू यावर काही बोलू नकोस, मला आधीच कसंतरी होतंय. रागव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा,
धाकटा

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पेटी काढली नाही. मीच काढू दिली नाही. तू हसशील म्हणून आधीच सांगतो, हसू नकोस.

शाळा लवकर सुटली होती. बाबा वरच्या मशीनच्या खोलीत होते. मी तळमजल्यावरून लिफ्टमध्ये शिरलो. धोब्याची चादरींची गाडी आत होती, मी तिच्या मागे उभा. तेवढ्यात आई आली. मला वाटलं कुणी आजारी आहे. पण लिफ्टमनकाकांनी काही न विचारता तिला आपलं स्टूल दिलं आणि सहाव्याचं बटण दाबलं. सहाव्याला ती उतरलीच नाही. पुन्हा खाली आली, पुन्हा वर. पर्स मांडीवर धरून बसली होती. प्रत्येक मजल्याला तिचे ओठ हलत होते. सहाव्याला तिने डोळे मिटले.

आत्या, मला वाटायचं त्या लिफ्टमध्ये सगळे माझी चेष्टाच करतात.

ती गेल्यावर मी सहाव्या मजल्यावर मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो. आत गेल्यावर कळलं की काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हटलं, जुनी पेटी राहू द्या. ते म्हणाले का? मी म्हटलं, आई ऐकते. त्यातलं 'आई' इतकं चिरकलं की त्यांनी मला पाणी दिलं. मग ते म्हणाले की त्यांनाही ती पेटी आवडते, पण तळघराचं काय? मी म्हटलं, तळघर मी भरून देतो. त्याच आवाजात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो आवाज आता स्टॉकमध्ये नाही. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, असेल त्या आवाजात दे, पण लोकांना कळलं पाहिजे.

बाबांना सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि नवी पेटी पुन्हा खोक्यात भरली.

आता सांग, तळमजला सा आहे, तर तळघर काय? आणि मला ते लागेल का? लगेच लिही. तुझा लोभ असू दे, आता फार गरज आहे.

तुझा,
(नाव ठरलं की कळवतो)

९ ऑक्टोबर

चि. भाच्यास,
अ. उ. आ.

तळघर म्हणजे नि. सहाव्या मजल्याचाच नि, पण खालचा. तुला जेवढं खाली जाता येईल तेवढ्या खालचा. दम पोटातून घे, मान वर करू नकोस, आणि लागला नाही तर लाजू नकोस. नवा गळा हा नव्या चपलेसारखा असतो, चावणारच.

तू पेटी वाचवलीस. माझा सगळा लोभ तुझ्या नावावर केला आहे, बापाला सांगू नकोस.

आत्या

२५ ऑक्टोबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

यांच्या पत्राच्या शेवटी 'वहिनीचा नमस्कार' असतो, तेवढीच मी तुम्हाला माहीत. आज म्हटलं आपणच लिहावं, कारण ही दोघं बापलेक तुम्हाला अर्धंच सांगतील.

चादरींच्या गाडीमागे तो होता हे मला पहिल्याच फेरीत कळलं होतं. त्याचे बूट आता कशामागे लपत नाहीत. मी तसं दाखवलं नाही. बोलले असते तर तो बिचारा मेल्याहून मेला झाला असता, आणि मीही. तुम्ही म्हणाल, 'मजला' या शब्दात ऐकण्यासारखं काय आहे? पण तो 'पाचवा' म्हणताना किंचित हसतो. तेव्हा हे न्हाणीघराच्या दारात उभे राहून तोंड वेडंवाकडं करत होते. ते हसू त्या पेटीत गेलं आहे. मला दुपारी तेवढं ऐकलं की भूक लागायची.

तळघर भरायला त्याने न्हाणीघराला आतून कडी लावली. आम्ही दोघं बाहेर. आधी नुसतं खाकरणं झालं. मग काहीतरी असं निघालं की शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, कुणाला बरं नाही का? हे म्हणाले, नाही, आमच्याकडे माणूस तयार होतोय. बऱ्याच वेळाने आतून एक सूर आला. जाड, थोडा खरखरीत, पण न हलणारा. 'तळघर. एक्स-रे.' हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी यांच्याकडे. हा आवाज आपल्या घरात कधी आला, कुणी दार उघडलं, दोघांनाही आठवेना. मग हे फडक्याने डोळे पुसायला लागले. फडकं वंगणाचं होतं, पुढचं तुम्हीच ओळखा.

काल शाळेला सुट्टी होती. मी त्याला म्हटलं, चल, ऐकून येऊ. नाही नाही म्हणत आला. तळघरातून बसलो. आत हात गळ्यात बांधलेल्या एक बाई होत्या. खालून तो जाड सूर निघाला, मग तळमजला, पहिला, दुसरा, असं ते पोर चढत गेलं. सहाव्याला पोचलो आणि मला तुमचं म्हणणं कळलं ताई, सूर खरंच तोच आहे. हा माझ्या शेजारी उभा, बुटांकडे बघत, कानापर्यंत लाल.

त्या बाईंनी मला विचारलं, किती गोड, बाप आणि लेक गातात का हो? मी उत्तर देणार, तेवढ्यात हाच बोलला. म्हणाला की दोन्ही मीच आहे. त्यातलं 'दोन्ही' तळघरातून आलं आणि 'मीच' सहाव्या मजल्यावरून.

बाई हसल्या, लिफ्टमनकाका हसले, मी तर स्टुलावरच बसले. मग तोही हसायला लागला, आणि ते हसू कुठल्या मजल्यावरचं होतं ते काही सांगता येईना.

इकडून यांचा आणि त्याचा नमस्कार. आजवर न लिहिता जो लोभ ठेवलात, तो आता लिहिल्यानंतरही ठेवावा.

आपली,
वहिनी