अकरा वाजताचं पाणी

९ फेब्रुवारी, सोमवार
१. सकाळी १०.५० ला बंधाऱ्यात सातही लोखंडी पाट्या बसल्या. पेढी नदी अडली.
२. ११.२५ ला वरच्या डोहात पाणी चार सेंटिमीटर चढलं.
३. ११.४० ला पाण्यातला ऑक्सिजन मोजला. लिटरला ७.६ मिलिग्रॅम. माशांना पाच पुरतो.
४. पुंजाजी म्हणाले, बांधली का मॅडम नदीले, ढोरावानी?
५. क्रमांक चार नोंदीत घ्यायची गरज नव्हती.

संध्याकाळी
ही वही फक्त माझ्यासाठी. विद्यापीठाच्या नदी केंद्रात दोनच माणसं आहेत, संचालक सर आणि मी. बोर्ड सहा फुटी आहे. वलगावच्या पुढचा हा डोह पुन्हा जिवंत करायचा, ही योजना माझी आणि नकाशे माझे. उन्हाळाभर पाणी टिकेल, मासे वाढतील, शाळांच्या सहली येतील. २२ मार्चला, जल दिनी, पाहुण्यांच्या हस्ते माशांची दहा हजार पिल्लं सोडायची. अहवाल चांगला गेला तर आणखी चार बंधारे माझ्या नकाशावर होतील. आणि मी कंत्राटी राहणार नाही.

पुंजाजी सत्तरीचे. भोयांची चार घरं होळीपासून मृगापर्यंत या डोहात जाळी टाकतात. त्यांचं वर्ष त्यावरच निघतं. आराखड्यात ते 'स्थानिक घटक क्र. ३' आहेत.

संकल्प: पाणी रोज दोनदा मोजायचं. अकराला आणि पहाटे पाचला. पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि अंधारात तोच खाऊन टाकतं. म्हणजे खरी परीक्षा पहाटेची. हे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी शिकवलंही आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
११.०५ ला ८.९.
पहाटेचं राहिलं. विद्यापीठाची गाडी साडेनऊच्या आधी सुटत नाही. ड्रायव्हर गजेंद्र म्हणाला, मॅडम, पाचले त माही बायको बी मले उठवू नाई शकत. माझी स्कूटी आहे, अंतर सोळा किलोमीटर. पण ऑक्सिजन मोजायचं मीटर ही शासकीय मालमत्ता आहे आणि ती दुचाकीवरून नेऊ नये असा नियम आहे. नियम मी स्वतः शोधून काढला.
सोमवारपासून नक्की.

१८ फेब्रुवारी, बुधवार
११.१० ला १०.४. बगळे ११.
पाण्याला हिरवी झाक. पुंजाजी म्हणाले, पानी खराब होऊन राहिलं. मी सांगितलं, हे बारीक शेवाळ, याला फायटोप्लँक्टन म्हणतात. ते म्हणाले, नाव काई बी ठेवा, वास तोच येते. मग विचारलं, तुमी काहून अकरालेच येता? नदी का अकराले उठते?
हजरजबाबी आहेत. निरीक्षणाची शिस्त मात्र नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
४.३० ला गजर. उठले. तोंड धुतलं. मग लक्षात आलं की मीटरची तपासणी बाकी आहे. त्याचं द्रावण ऑफिसात, ऑफिस दहाला उघडतं. चुकीचा आकडा आणण्यापेक्षा आकडा न आणलेला बरा. झोपले.
११.०० ला ११.८.

३ मार्च, मंगळवार, अकोला
धुळवड म्हणून घरी. आई शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, तुझी नदी कशी आहे? मी म्हटलं, काल १२.७. ती म्हणाली, मी मार्क नाही विचारले.

६ मार्च, शुक्रवार
११.०० ला १३.६. हा आकडा पर्वतातल्या झऱ्यालाही येत नाही. याचा अर्थ काय असू शकतो, यावर एक परिच्छेद लिहायला घेतला होता. अहवालाच्या ओघात बसेना, काढून टाकला.
बगळे ३४.
गोगलगाई पाण्यातून निघून बंधाऱ्याच्या भिंतीवर हातभर वर चढल्यात. एका रेषेत, शेकडो. फोटो घेतला, खाली लिहिलं 'अधिवासाचा विस्तार'. फोटो पुंजाजींना दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून पाहिलं. म्हणाले, घर पेटलं त मानूस बी आंगनात येऊन बसते, पोरी. त्याले विस्तार म्हनत का?
त्यांनी दोन पाट्या काढायला सांगितलं. पाणी थोडं वाहू द्या. मी म्हटलं, बावीस तारखेनंतर बघू. ते म्हणाले, बावीसले पाहुने येतीन, मासोया काही पाहुन्यासाठी थांबत नाई.
आज त्यांनी मला 'पोरी' म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

११ मार्च, बुधवार
११.०० ला १३.९. बगळे ७१. वाढ ५४५ टक्के. सरांनी आकडा निमंत्रण पत्रिकेत टाकला. ते म्हणाले, मॅडम, पक्षी खोटं बोलत नाहीत.
पुंजाजींचं नवीन: पायटी, उजाडाच्या आधी, मासे तोंड वर काढून राहिले, भाकर मागतल्यावानी. म्हून बगळे जमते, त्यायले आयतं आहे. मी विचारलं, किती मासे, कोणत्या जातीचे, नेमके किती वाजता? ते म्हणाले, हजेरी नाई घेतली मी.
नोंद केली: 'तोंडी माहिती, पडताळणी बाकी'.
संकल्प: शुक्रवारी पहाटे. कागदावर लिहून आरशाला चिकटवला.

१३ मार्च, शुक्रवार
मी राहते त्या विद्यापीठाच्या होस्टेलचं गेट सहाला उघडतं. आधी जायचं तर वॉर्डनची लेखी परवानगी लागत असणार. रीतसर अर्ज केला. वॉर्डन १८ पर्यंत रजेवर. अर्जाची पोच घेतली आहे. माझ्याकडून काही बाकी नाही.
११.१५ ला १३.१.

१६ मार्च, सोमवार
कालपासून ढग. ऊन नाही. अवकाळी येईल म्हणतात.
११.२० ला ५.८.
पहिली घट. कारण स्पष्ट आहे, ऊन नाही म्हणून शेवाळ काम करत नाही. ढग गेले की सुधारेल. पाचच्या वर अजून ०.८ आहे.
बगळे मोजले नाहीत. सगळे काठावर पाण्याकडे तोंड करून उभे होते. एकही चोच मारत नव्हता.
पुंजाजी जाळी पाण्यातून काढून घडी घालत होते. होळी होऊन दोन आठवडे झाले, हे तर त्यांचे धरायचे दिवस. का काढता, विचारलं. ते म्हणाले, पान्यात काई उरलं पायजे ना बाई.
गाडीत गजेंद्रने काचा वर केल्या. वास मलाही येत होता.

१७ मार्च, मंगळवार, पहाटे ५.०५
पुंजाजींचा फोन. तीन शब्द. मॅडम, या आता.

त्याच दिवशी, दुपारी
होस्टेलच्या चौकीदाराला म्हटलं, जायचंय. त्याने गेट उघडलं. परवानगी मागितली नाही. म्हणाला, कधी बी सांगत जा ना मॅडम.
मीटर स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये ठेवलं. अठ्ठावीस मिनिटं लागली.
५.५२ ला ०.४. पुन्हा मोजलं, ०.३. मीटरमध्ये दोष नव्हता.
डोह पांढरा होता. पोटं वर आलेले मासे, काठापासून काठापर्यंत. ३१२ पर्यंत मोजले आणि थांबले. पुंजाजींची सून सुभद्रा गुडघाभर पाण्यात उभी राहून घमेल्यात मासे भरत होती, गावची ढोरं तिथे पाणी पितात म्हणून. तिने विचारलं, मॅडम, हे कदी निस्तरन? ती पुन्हा वाकली.
बाकीच्या तीन घरांची माणसं काठावर होती. एक जण म्हणाला, थे पहा, मोजाले आल्या. पुंजाजींनी त्याला गप्प केलं. मी मीटर पाण्यात धरलं तेव्हा उजेड कमी होता. टॉर्च त्यांनी धरला.
नंतर ढग पांगले, ऊन आलं.
११.०५ ला ६.९.

१८ मार्च, बुधवार
सर म्हणाले, अहवालात ११.०५ चाच आकडा घ्या. एकोणीसच्या एकोणीस नोंदी अकराच्या आहेत, विसावी वेगळ्या वेळेची कशी चालेल? पद्धत तुमचीच आहे, मॅडम. मेलेले मासे शनिवारपर्यंत उचलून होतील. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे, रविवारी. पिल्लं अकराला सोडायची.
अकराला ती जगतील. पाहुणे साडेबाराला जेवायला जाणार आहेत.
अहवाल लिहायला बसले. पद्धतीच्या परिच्छेदात एकही चूक सापडली नाही.
पुंजाजींना तीनदा फोन केला. उचलत नाहीत. पत्र लिहून गजेंद्रकडे दिलं. तो उघडं पत्र वाचून गेला, मी अडवलं नाही. नक्कल:

श्री. पुंजाजी यांस नमस्कार.
फोनवर बोलणं झालं नाही म्हणून लिहिते. डोहातले मासे मी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे मेले. सव्वा महिन्यात मी पहाटे एकदाही आले नव्हते. गाडी नव्हती हे त्याचं कारण नाही. पहाटेचा आकडा काय येईल याचा मला अंदाज होता.
कालचा ०.४ हा आकडा आज विद्यापीठाला लेखी दिला आहे. रविवारी पिल्लं सोडू नयेत असंही त्यात लिहिलं आहे. ते थांबतील असं वाटत नाही.
शनिवारी पहाटे पाचला मी बंधाऱ्याच्या पाट्या काढायला येणार आहे. मला तशी परवानगी नाही. सगळ्या एकदम काढल्या तर हे पाणी खालच्या डोहात जाईल आणि तिथले मासेही मरतील. थोड्या काढायच्या तर किती, आधी कोणती, मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, हे मला माहीत नाही. गणित करून पाहिलं, सुटत नाही. तुम्हाला माहीत असेल.
तुम्ही याल की नाही, आणि आधी कोणती पाटी काढायची, एवढं शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळी सहापर्यंत कळवावे.