पंखाखाली काय टांगलंय

बाबा, आज वर्गात पुन्हा तोच प्रश्न आला. बेटमा गावाहून रोज बसनं येणारा एक उंच मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडमजी, घुमा-फिराके नहीं, एकदम सीधा बताओ. राफेल भारी की सुखोई?" वर्गातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. इतर तासांना पेंगणारी ही पोरं या एका प्रश्नाला खडबडून जागी होतात. मी आपल्या शहरातल्या भंवरकुआँ भागातल्या एका क्लासमध्ये सैन्याच्या परीक्षांची तयारी करून घेते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि शिक्षिका व्हायचं माझ्या मनातही नव्हतं. आज मी पन्नाशी ओलांडली आहे, चष्मा लागला आहे, आणि तुमची नात हवाई दलात अधिकारी आहे. विमानांवर शस्त्रं चढवणाऱ्या तुकडीत, म्हणजे तुमच्याच कामावर. तिचा एक निरोप सकाळपासून माझ्या फोनमध्ये पडून आहे. त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

त्या मुलाला मी तेच विचारलं जे तुम्ही मला विचारायचात. भारी म्हणजे कशासाठी? मग फळ्यावर पाच रकाने आखले. आकाश राखायचं असेल तर पंखाखाली हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं लागतात, आणि राफेलकडे असं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र आहे की समोरचं विमान डोळ्यांना दिसायच्या आधीच त्याचा निकाल लागतो. सुखोई अंगानं मोठं, दोन माणसांचं, पुष्कळ इंधन आणि पुष्कळ ओझं घेऊन लांब जाणारं. जहाजावर किंवा दूरच्या तळावर जड क्षेपणास्त्र टाकायचं असेल तर ते बरं. जग्वार जमिनीला घासून जातं आणि शत्रूच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून येतं, तेच त्याचं काम. तेजस लहान आणि चपळ, सीमेजवळ पटकन उडवायला सोयीचं. आणि आताच निवृत्त झालेलं मिग मुळात सरळ वर झेपावून येणाऱ्याला अडवण्यासाठी केलेलं होतं, आपण पुढे त्याच्याकडून सगळी कामं करून घेतली, घरातल्या थोरल्या सुनेकडून घेतात तशी. पोरं हसली. मी म्हटलं, नुसतं विमान बघू नका, त्याच्या पंखाखाली काय टांगलंय ते बघा, म्हणजे ते कुठं निघालंय ते कळेल.

हे वाक्य तुमचं आहे. मी सात-आठ वर्षांची असताना आपण सायकलवरून सांवेर रोडच्या बाजूला चाललो होतो. हवाई दलातून निवृत्त होऊन तुम्ही तिथल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला होतात. मी विचारलं होतं, जगात सगळ्यात चांगलं विमान कोणतं? तुम्ही एका पायावर सायकल थांबवलीत आणि रस्त्यावरून जाणारे दोन सायकलवाले दाखवलेत. एकाच्या कॅरियरला दुधाचे कॅन होते, दुसऱ्याच्या कॅरियरला गॅसचं सिलेंडर. "सायकल तर दोन्ही सारखीच आहे ना, बाळ?" तुम्ही म्हणालात. "मग कोणापासून लांब राहशील?" मला वाटलं तुम्ही गंमत करताय. तुम्ही मात्र सिलेंडरवाला लांब जाईपर्यंत सायकल हलवली नाहीत.

बाळ. पोरी. अगं. बाई. तुम्ही मला हाक मारायला काय काय वापरायचात ते मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. त्यात माझं नाव नाही. लहानपणी मला हे कळलंच नाही, कारण आई आणि शेजारीपाजारी नावानं हाक मारायचे आणि घरात तेवढं पुरायचं. कळलं ते शाळेत नाव घालताना. मोठ्या बाईंनी विचारलं, मुलीचं नाव? तुमच्या हातात टोपी होती. तुम्ही ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीत, मग माझ्या पाठीवर हात ठेवून मला टेबलाकडे सरकवलंत आणि म्हणालात, "सांग, तूच सांग." बाईंना वाटलं, बाप पोरीला धीट करतोय. त्यांनी तुमचं कौतुक केलं. मी नाव सांगितलं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांचा स्वभावच तसा. नाव तर त्यांनीच ठेवलंय तुझं. तू व्हायच्या आधीच सांगून गेले होते, मुलगी झाली तर हेच." मग मला आणखीच कळेना. आपणच ठेवलेलं नाव माणूस तोंडातून का काढत नाही?

एकदा तुम्ही मला मारलंत, एकदाच. शाळेतून खडूचा तुकडा आणला होता आणि आपल्या दारावर, बाहेरच्या बाजूनं, मी माझं नाव लिहिलं होतं. नव्यानं लिहिता यायला लागलं होतं, त्याचा तोरा. तुम्ही कामावरून आलात, सायकल लावली, दाराकडे बघितलंत आणि माझ्या हातावर चापट मारलीत. जोरात नाही, पण खडू उडून पडला. मग तुम्ही ओल्या फडक्यानं दार पुसायला लागलात. नाव पुसून गेलं तरी पुसत होतात. आई आतून म्हणाली, "अहो, रंग निघंल." तुम्ही थांबला नाहीत. मी रडत होते, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नाव असं कशावर पण लिहायचं नसतं." त्यानंतर मी वहीच्या पुठ्ठ्यावरसुद्धा नाव घालायला घाबरायची.

पण तुम्ही वाईट बाप नव्हतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून बाजाराकडे वळताना एक खेळण्यांचं दुकान होतं. तिथून तुम्ही मला प्लास्टिकचं लढाऊ विमान घेऊन दिलंत. मुलींना बाहुल्या घ्यायच्या त्या दिवसांत. घरी आल्यावर पेटीतून पक्कड काढलीत, पंखाखालचे चार पिवळे बॉम्ब एकेक करून तोडलेत आणि खुणा कानशीनं घासून सपाट केल्यात. मी भोकाड पसरलं. तुम्ही विमान माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "बघ, हलकं झालं. आता हे कुठंही जाईल." आज वर्गात शिकवताना मी जेव्हा म्हणते की ओझं कमी केलं की पल्ला वाढतो, तेव्हा पोरं ते वहीत उतरवून घेतात. ते बरोबरच आहे, परीक्षेत येतं.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमचे एक जुने सोबती आले. तुमच्याच तुकडीतले, तुमच्याबरोबर विमानांना बॉम्ब लावणारे. भोपाळहून आले होते, दाढी पांढरी झाली होती. वंदना झाली, भंतेजी भोजन करून गेले, आणि आम्ही बायका आतल्या खोलीत बसलो होतो तिथे ते मला शोधत आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले. दुःखाच्या घरात घटकाभर हसू आणावं म्हणून बोलत होते बिचारे. "बिटिया, तेरा नाम तो मैं तेरे जनम के दिन से जानता हूँ. लड़ाई चल रही थी. हम लोग बम पर खड़िया से लिखते थे, कोई बीवी का नाम, कोई दुश्मन को गाली. उसी दिन तार आया कि लड़की हुई है. तेरे बाप ने मेरे हाथ से खड़िया ली और पूरे बम पर तेरा नाम लिख दिया. बोला, ये मेरी बेटी का पहला दस्तखत है. जहाज़ गया और खाली लौटा. मिठाई थी नहीं, तो हमने गुड़ बाँटा."

मी विचारलं, "कहाँ गिरा, चाचाजी?"

"अरे, वो हमें कौन बताता है," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "बाद में पायलट साहब ने उसे एक तरफ़ ले जाके कुछ कहा था. क्या कहा, वो उसने किसी को नहीं बताया. उसके बाद उसने खड़िया नहीं छुई."

मी त्यांना चहा दिला.

तेव्हापासून बाबा, तो बॉम्ब पडला त्या जागी मी मनानं जाते. कुठं ते मला माहीत नाही, म्हणून कुठंही जाते. कधी ते रेल्वेचं यार्ड असतं, कधी पूल, कधी नुसतीच वस्ती आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. बँकेत माझं नाव पुकारतात तेव्हा मी दचकते. मला वाटतं, कुणीतरी तिकडून विचारतंय, हीच का ती? तिथे त्याच आठवड्यात जन्मलेली एखादी मुलगी असेल. असली तर आज माझ्याच वयाची असती. हे मी नवऱ्याला एकदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू जास्त विचार करतेस. करते खरी. मला भीती वाटते, आणि वय वाढलं तरी ती कमी होत नाही. तुमच्या काळचा बॉम्ब आंधळा होता, सोडला की सुटला, खाली काय झालं ते वैमानिकाला वळून पाहिलं तरच दिसायचं. आताची शस्त्रं लेसरच्या ठिपक्यामागं जातात, उपग्रहाला विचारून जातात, आपण निवडलेल्या खिडकीतून आत शिरतात. पोरं मला फोनवर व्हिडिओ दाखवतात. काळंपांढरं चित्र, मधे फुली, मग धूर, आणि त्यावर कुणीतरी गाणं लावलेलं. "मॅडमजी, प्रिसिजन देखो." मी अचूकतेचे गुण समजावून सांगते, कारण खरंच, आंधळ्यापेक्षा डोळस बरं. पण धूर यायच्या आधी माझं बोट पडद्यावर जातं आणि चित्र थांबतं. पोरांना वाटतं मी मुद्दा समजावायला थांबवलं.

आता नातीचा निरोप. वाळवंटातल्या रेंजवर त्यांचा सराव आहे, खरे बॉम्ब टाकायचे आहेत. तिनं लिहिलंय, "मम्मा, आमची पोरं बॉम्बवर खडूनं काहीतरी लिहितात, जुना रिवाज आहे. मी आजोबांचं नाव लिहू? त्यांच्याच ट्रेडमध्ये आहे मी, कितनी बढ़िया बात आहे ना. परमिशन मिळाली तर फोटो पाठवते, तू फ्रेम करून घे." पणजोबांपासून आपल्या घरात महूच्या लष्करी छावणीचा अभिमान आहे, तो तिच्यात पुरेपूर उतरलाय. तिला मी तुमच्याबद्दल फक्त एवढंच सांगितलेलं आहे की आजोबा फार नीटनेटके होते आणि कमी बोलायचे. खडूचं मी कधी सांगितलं नाही. लेकीच्या कामाला माझ्याकडून नजर लागू नये असं वाटायचं. ती रोज त्या बॉम्बांना हात लावते. उद्या सराव नसेल, खरंच जावं लागेल, तेव्हा तिचा हात माझ्या गोष्टीमुळं अडखळला तर? आणि सांगितलं नाही, तर ती हसत हसत तेच करणार जे तुम्ही केलंत, आणि मग तिच्या पोरीला कधी नावानं हाक मारू शकणार नाही.

इथे मी लिहिणं थांबवलं आणि तिला फोन केला. सगळं सांगितलं. गूळ वाटला तेही सांगितलं. तिच्या मागे कुणीतरी ट्रॉली ओढत होतं, त्याचा खडखडाट येत होता.

"पण मम्मा, ते लढाईत होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे खाली सिर्फ रेती आहे."

"माहितीय मला."

"फिर?"

"फिर काही नाही. ज्यांनी माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही त्यांचं नाव त्याच्यावर लिहू नकोस."

"ठीक आहे. नाही लिहीत." मग तिनं हळूच विचारलं, "आणि कधी रेती नसली तर?"

"तर तुझं काम नीट कर," मी म्हणाले. "आणि त्याला कोराच जाऊ दे."

तिनं हं म्हटलं. मग अधिकाऱ्याच्या आवाजात कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि परत माझ्याकडे आली. "तुला आजोबांचा राग नाही येत?" मी म्हणाले, नाही येत. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. उरलेलं तिला सांगायची माझी छाती झाली नाही. तुम्हाला सांगते, कारण हे कागद कुठंच जायचे नाहीत.

त्या दिवशी आतल्या खोलीत चाचाजींनी ते सांगितलं तेव्हा मला आधी आनंद झाला होता. खाली कोण होतं, काय जळलं, हे सगळं नंतर आलं, चहा गाळताना आलं. पहिल्यांदा एवढंच वाटलं की माझ्या बापानं माझं नाव लिहिलं होतं. स्वतःच्या हातानं, हसत, सगळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत. आपल्या घरात तुमच्या हातचं माझं नाव कशावरच नाही. आईच्या माघारी मी सगळं घर शोधलं. म्हणून बाबा, त्या जागी मी ज्यांच्यासाठी जाते असं म्हणते ना, त्यांच्यासाठी जातेच. पण दर वेळी आधी मान वर करून बघते. तो बॉम्ब खाली येत असतो आणि मला त्याच्यावरचं तुमचं अक्षर वाचायचं असतं.