तिसऱ्या मजल्यावर नातेवाईक नकोत

३ जून
आमच्या नांदेडच्या हॉस्पिटलात आजपासून स्किल्ड नर्सिंग युनिट. ऑपरेशन किंवा मोठं आजारपण झालं, पण घरी नेण्याजोगी तब्येत नाही, अशा पेशंटसाठी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या नात्याने कल्पना माझी. पहिला पेशंटही माझाच. आई, खुब्याचं ऑपरेशन झालेली. नियम एकच: नातेवाईक नकोत. सतरंज्या, डबे, कोंडाळं बंद.

४ जून
बहीण गीतांजली अहमदपूरहून वळकटी घेऊन हजर. म्हणाली, दादा, आईच्या उशाला बसते मी, तुझं काय जातंय? दुपारच्या एसटीत बसवून दिली. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

७ जून
चार नर्स मंजूर. आल्या दोन. त्यातली एक पुण्याला गेली. तात्पुरती अडचण.

शेजारच्या बेडवर मोहियोद्दीनचाचा, लकव्याचे. त्यांची मुलगी सालेहा लपूनछपून वर येते. वडिलांची कूस बदलते, जाताजाता आईचीही. हटकलं. म्हणाली, साहेब, सिस्टर एकटी हाय, कोण वळवणार यान्ला? मी म्हणालो, सिस्टीम. वॉचमनला सांगून खाली पाठवली.

९ जून
मजला शांत. आईची कुरकुरही थांबली. ट्रस्टींना फिरवून दाखवलं. खूश.

११ जून
सिस्टर म्हणते, आईच्या कमरेखाली लाल झालंय. उकाडा. पावडर लावायला सांगितली.

१३ जून
आई म्हणाली, पाठ लई जळून राहिली रे. हवेची गादी मागवलीय, हैदराबादहून निघाली म्हणतात. मजल्यावर कसलासा वास. रूम फ्रेशनर वाढवला.

सालेहा वडिलांना घरी घेऊन गेली. आडमुठे लोक.

१५ जून
पावडरखाली जखम. खोल. ताप उतरत नाही. डॉक्टरांनी विचारलं, यांची कूस कोण बदलत होतं? मी सिस्टीम म्हणालो नाही. भीती वाटतेय.

१६ जून, दुपार
सालेहाला फोन केला. अब्बाला जेवू घालून येते म्हणाली, तोवर तुम्ही वळवा.

सिस्टरने एका बाजूने धरलं. मला हात कुठे घालायचा ते कळेना. आई म्हणाली, राहू दे, तुला जमायचं न्हाई. त्या चाचांच्या पोरीला येऊ दे.

गीतांजलीला कळवलं, संध्याकाळच्या एसटीने ये. डॉक्टर म्हणाले, एसटी नको. गाडी करून लगेच यायला सांगा.