पोतंभर कांदे

उज्जैन

ती. आईस,

तुला आणि बाबांना नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत.

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली, म्हणून परागच्या बँकेतल्या लोकांना गच्चीवर बाफले खायला बोलावलं. कणकेचे गोळे उकडून निखाऱ्यांवर भाजतात आणि तुपात बुडवून डाळीबरोबर खातात.

शेजारच्या मीनाकाकू मराठीच, पण जन्म इथला. त्या म्हणाल्या होत्या, "एक बोरी कंडे मंगवून घे." मी पोतंभर कांदे आणून ठेवले. पाहुणे आले, गोळे उकडून झाले, आणि पोतं उघडून काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, कंडे म्हणजे गोवऱ्या!" शेवटी त्यांनीच घरच्या गोवऱ्या आणल्या. बदली झाल्यापासून पराग पहिल्यांदाच एवढा हसला.

बाबांचं प्लास्टर निघालं का? पाणी अजून तूच वर चढवतेस का?

परवा फोनवर विचारलंस, आवाज असा का येतोय, रडत होतीस का. नाही गं. अर्धं पोतं उरलंय, रोज कांदेच चिरत असते.

तुझी,
मृणाल

ता. क. बाबा चालायला लागले की येऊन जा. पोतं काही फार दिवस पुरणार नाही.